शेपटीतला नारंगी डबा: 406 च्या बीकनचा सहा वर्षांचा अनुभव

आमच्या प्रशिक्षण विमानाच्या शेपटीत एक नारंगी डबा बसवलेला आहे. दोन पुडांच्या जेवणाच्या डब्याएवढा, वजनाला किलोभर. विमान पडलं तर धक्क्याने आपोआप चालू व्हायचं आणि 'आम्ही इथे आहोत' असं आकाशाकडे ओरडत राहायचं, एवढंच त्याचं काम. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ईएलटी म्हणतात, आमच्या हँगरमध्ये नुसतं 'बीकन'. 2019 च्या नोव्हेंबरात तो मी स्वतः बसवला. आता सहा वर्षं होत आली. या काळात तो एकदा वाजला, तेही विमान पडलेलं नसताना. त्यापायी बॅटरी मुदतीच्या आधी बदलावी लागली. आणि एकदा त्याच्या केबलची अशी अवस्था पाहिली की त्या रात्री मला झोप लागली नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. माझ्या हाताखाली या जातीचे चार डबे आहेत; चारांवरून एखाद्या कंपनीला चांगलं-वाईट म्हणणं बरोबर नाही. शिवाय मला जे सांगायचं आहे ते कुठल्याही कंपनीच्या 406 ला लागू पडतं. डबा उत्तम आहे, मी त्याला दहापैकी नऊ देईन. पण डबा आणि आकाश यांच्यामध्ये जे जे आहे, म्हणजे पट्टा, केबल, अँटेना, बॅटरीवरची तारीख आणि नोंदणीतला फोन नंबर, त्यातली एक जरी गोष्ट कच्ची असली तरी त्या नऊ गुणांचा काही उपयोग नाही.

मी खान्देशातल्या एका धावपट्टीवर विमानांच्या रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्सचं काम पाहते. मूळची अमळनेरची. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कोणी मुका झालेला सेट घेऊन आलं की ते आधी मागची वायर हातात घ्यायचे, बोटांनी चाचपत शेवटापर्यंत जायचे आणि मगच झाकण उघडायचे. "आवाज गेला म्हणजे सेट गेला असं नसतं, आधी वायर बघ," हे मी फ्रॉकात असल्यापासून ऐकत आले. विमानाच्या कामातही मला याहून मोठा धडा कोणी दिलेला नाही.

आता 406 म्हणजे काय ते थोडक्यात. हा डबा चालू झाला की दर पन्नास सेकंदांनी 406 मेगाहर्ट्झवर अर्ध्या सेकंदाचा, पाच वॅटचा एक ठोका आकाशात पाठवतो. त्या ठोक्यात पंधरा अक्षर-अंकांचा सांकेतिक क्रमांक असतो. देशाचा आकडाही त्यातच, भारताचा 419. कॉस्पास-सारसॅट नावाच्या उपग्रह व्यवस्थेला तो ऐकू जातो. कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी मिळून ती उभी केली. पहिला उपग्रह 1982 च्या जूनमध्ये वर गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कॅनडात पडलेल्या एका छोट्या विमानातली माणसं त्याच्यामुळे सापडली. शीतयुद्धाच्या ऐन काळात या देशांनी हे एकत्र केलं, याचं मला अजूनही कौतुक वाटतं. आपल्याकडे हे ठोके ऐकणारी जमिनीवरची केंद्रं बेंगळूरू आणि लखनौला आहेत आणि नियंत्रण केंद्र बेंगळूरूला, इस्रोकडे. तिथून खबर आमच्या भागासाठी मुंबईच्या बचाव समन्वय केंद्राला जाते आणि तिथला माणूस नोंदणीतला नंबर फिरवतो. हा फोन नंबर लक्षात ठेवा, त्यावर मी पुन्हा येणार आहे.

याच्या आधी आमच्याकडे जुना डबा होता, फक्त 121.5 मेगाहर्ट्झवर ओरडणारा. त्याचा आवाज ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही. वरून खाली घसरत येणारा सूर, सेकंदाला दोन-तीनदा, थांबतच नाही. पण 1 फेब्रुवारी 2009 पासून उपग्रहांनी 121.5 ऐकणं बंद केलं. कारण साधं होतं. त्या जुन्या पिढीच्या डब्यांकडून येणाऱ्या शंभरातल्या सत्त्याण्णव हाका खोट्या निघायच्या आणि ओरडणारा कोण हे त्या सुरावरून कळायचं नाही. जागेचा अंदाजही पंधरा-वीस किलोमीटर इकडे-तिकडे. 406 मध्ये तो पाचेक किलोमीटरच्या आत येतो आणि डब्याला जीपीएस जोडलेलं असेल तर शंभर मीटरवर. नव्या डब्यातही 121.5 असतो, पण मंद. जवळ आलेल्या शोधपथकाला बोट धरून शेवटच्या टप्प्यातून नेण्यापुरता.

सातपुड्यात पाच किलोमीटर म्हणजे दोन डोंगर आणि मधलं खोरं. 16 जुलै 2021 ला चोपडा तालुक्यात वर्डीच्या बाजूला प्रशिक्षण विमान डोंगरात पडलं. प्रशिक्षक गेले, शिकाऊ वैमानिक मुलगी जखमी अवस्थेत वाचली. आधी धावले ते जवळपासच्या पाड्यांवरचे आदिवासी लोक. झोळी करून त्यांनी तिला पायी खाली आणलं. आपल्या भागात पडलेल्या विमानापर्यंत पोचणं म्हणजे काय असतं, ते तेव्हा या पट्ट्यात विमानाचं काम करणाऱ्या आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पावसाळ्यातली ती झाडी, मोबाइलला रेंज नाही, गाडीला रस्ता नाही. मला शंभर मीटर आणि पाच किलोमीटर यातला फरक तेव्हापासून आकड्यांत दिसत नाही, पायवाटेत दिसतो. म्हणून पहिली सूचना इथेच देते: जीपीएसची जोडणी करायला पैसे जास्त पडतात म्हणून ती टाळू नका. डबा घेतला आणि ती वायर जोडलीच नाही, अशी विमानं मी पाहिली आहेत.

डब्याच्या टिकाऊपणाबद्दल मला शंका नाही. याच्या चाचण्या कडक असतात. गुरुत्वाकर्षणाच्या पाचशे पट धक्का, वर एक हजार पौंडांचा दाब, म्हणजे कापसाचे साडेचार क्विंटल एकावर एक, शिवाय आगीच्या ज्वाळेत पंधरा सेकंद. एवढं सोसूनही त्याने उणे वीस अंशांपासून पंचावन्न अंशांपर्यंत चोवीस तास ठोके दिले पाहिजेत. सहा वर्षांत माझ्या डब्याचं कवच कुठे तडकलेलं नाही, रंग उडालेला नाही. काळ्या मातीची मैद्यासारखी धूळ आमच्याकडे विमानाच्या प्रत्येक फटीत शिरते, ती डब्याच्या रबरी सीलच्या आत मात्र गेलेली नाही. एकदा कुंभारमाशीने शेपटीत, डब्याच्या कडेलाच मातीचं घर बांधलं होतं. ते खरवडून काढलं, खाली डबा नवा होता.

काळजी वेगळ्या जागी आहे. 2015 मध्ये नासाने व्हर्जिनियातल्या लँगली केंद्रात तीन जुनी सेस्ना 172 विमानं उंच सांगाड्याला टांगून ऐंशी ते शंभर फुटांवरून सोडली. एक काँक्रीटवर, बाकीची मातीवर. आत वेगवेगळे बीकन बसवलेले होते. प्रश्न एकच होता, एवढे मजबूत डबे खऱ्या अपघातात गप्प का राहतात. त्यातून जोडणीबद्दल जे पुढे आलं ते माझ्या वडिलांनी ऐकलं असतं तर त्यांनी नुसती मान हलवली असती. विमानाचं अंग वाकतं तेव्हा ताणून बांधलेली केबल तुटते. म्हणून केबलच्या दोन्ही टोकांना ढील ठेवा आणि अँटेना डब्याच्या जवळ, विमानाच्या त्याच तुकड्यावर ठेवा, म्हणजे अंग मधून मोडलं तरी दोघं एकत्र राहतील.

त्याच्या पाच वर्षं आधीची गोष्ट आणखी बोलकी आहे. 9 ऑगस्ट 2010 ला अलास्कात एक छोटं विमान डोंगरउतारावर आदळलं. अमेरिकेचे माजी सिनेटर टेड स्टीव्हन्स त्यात होते. नऊ जणांपैकी पाच गेले, चार जण जखमी अवस्थेत अवशेषांत अडकून राहिले. विमानात 406 चा डबा होता. पण धक्क्याने तो आपल्या बैठकीतून निसटला आणि अँटेनाची केबल त्याच्यापासून सुटली. तो ओरडत होता आणि ऐकू कोणालाच जात नव्हतं. 2012 मध्ये अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाने वेल्क्रोच्या पट्ट्यांबद्दल सावधगिरीची सूचना काढली: हे पट्टे जुने होतात, तेलकट होतात, प्रत्येकाच्या हाताने वेगवेगळे आवळले जातात आणि नेमक्या वेळी डबा सोडून देतात. माझ्या चारपैकी एका डब्याला असा पट्टा होता. तो काढून मी कंपनीचाच धातूच्या पट्टीचा संच मागवला. जुना पट्टा अंगठ्याने सोलून पाहिला तर पिशवीच्या वेल्क्रोइतका सहज सुटला.

आता माझ्या केबलची गोष्ट. 2024 च्या जानेवारीत वार्षिक तपासणी चालू होती. त्या विमानात डबा सामानाच्या कप्प्याच्या मागच्या पडद्याआड आहे. तिथे पोटावर पडून, डोकं आत घालून काम करावं लागतं. दरवर्षी मी डबा बघत होते, बैठक बघत होते, केबलची दोन्ही टोकं बघत होते. मधली हातभर केबल एका पत्र्याच्या पट्टीमागून जायची, ती पट्टी काढायची तर सहा स्क्रू. तपासणीच्या यादीत ती पट्टी काढा असं लिहिलेलं नव्हतं. त्या वर्षी काढली.

केबल चौकटीच्या भोकातून जाते. भोकाच्या काठाला रबरी कडी असायला हवी, ती कधीतरी सुकून, तुटून खाली पडली होती. तिचे दोन काळे तुकडे खाली धुळीत सापडले. ॲल्युमिनियमची उघडी कड केबलवर टेकलेली. इंजिन चालू असताना सगळं अंग थरथरतं आणि ती कड केबलला घासत राहते. चार वर्षांत वरचं काळं आवरण पूर्ण गेलं होतं, आतली जाळी उघडी पडून तिच्या चार-पाच तारा कुसासारख्या बाहेर आल्या होत्या. टॉर्चच्या प्रकाशात त्या चमकत होत्या. त्यापलीकडे केबल तीन जागी पट्टीबंधाने चौकटीला करकचून बांधलेली, कुठे बोटभरही ढील नाही. ती मीच बांधली होती, 2019 मध्ये, नीटनेटकं दिसावं म्हणून.

हे सगळं असताना मी टेस्ट बटण दाबलं. हिरवा दिवा. एकदा लुकलुकला आणि थांबला, म्हणजे सगळं ठीक.

या हिरव्या दिव्यावर मी या सगळ्या लिखाणात सर्वात जास्त जोर देणार आहे. तो खोटं बोलत नाही, त्याला विचारलेल्या प्रश्नाचं तो उत्तर देतो. बॅटरीत दम आहे का, ट्रान्समीटर चालतो का, आत्ता या क्षणी अँटेनाची जोडणी आहे का, एवढंच त्याला कळतं. पुढच्या आठवड्यात विमान कापसाच्या रानात नाकावर उतरलं तर ही केबल राहील का, हे त्याला कळत नाही. वैमानिक मात्र हिरवा दिवा बघून निश्चिंत होतात. मीही चार वर्षं होत होते. तेव्हापासून आमच्याकडे चारही विमानांत ती पट्टी दरवर्षी निघते, केबल बोटांनी चाचपली जाते, भोकाला नवी कडी बसते आणि दोन्ही टोकांना वेटोळ्यासारखी ढील असते. दिसायला ते पूर्वीइतकं नीटनेटकं नाही.

विश्वासार्हतेचा दुसरा भाग म्हणजे धक्का ओळखणारा स्विच. आमच्या डब्यात तो एकाच दिशेचा आहे, डब्यावर बाण छापलेला असतो आणि तो विमानाच्या नाकाकडे करून बसवायचा. विमान पुढे जाता जाता अचानक अडलं, वेगात सेकंदाला साडेचार फुटांचा फरक पडला, की तो लागतो. साडेचार फूट म्हणजे आपल्या चालण्याचा वेग, फार नाही. पण हे झालं समोरच्या धक्क्याचं. विमान सपाट पोटावर पडलं, किंवा झाडांच्या शेंड्यांतून हळूहळू घसरत खाली आलं, तर हा स्विच लागेलच असं धरून चालू नये. हेलिकॉप्टरसाठी म्हणून तर अनेक दिशांचे स्विच असलेले डबे वेगळे मिळतात. आमच्या शिकाऊ मुलांना मी बजावून सांगते: हातपाय हलत असतील तर पॅनेलवरचं बटण स्वतः चालू करायचं, 'तो आपोआप लागला असेल' असं म्हणत बसायचं नाही.

आणि उलटंही होतं. 2022 चा मे महिना, बाहेर 44 अंश. दुपारी पावणेतीनच्या सुमाराला एका विद्यार्थ्याचं विमान जरा जोरात टेकलं, त्याने घाबरून ब्रेक करकचून दाबले. चाकं पाहिली, काही झालं नव्हतं, विमान रांगेत लावलं. पॅनेलवर लाल दिवा लुकलुकत होता, पण त्या उन्हात तो कोणाला दिसला नाही आणि शेपटीतला बारीक पों-पों शेजारच्या विमानाच्या इंजिनापुढे कोणाला ऐकू आला नाही.

साडेचारला माझा मोबाइल वाजला. आमच्याकडे पूर्वी कामाला असलेले एक भाऊ, आता अमळनेर तालुक्यात शेती करतात. धाप लागलेला आवाज.

"ताई, मुंबईथून फोन उना व्हता. तुमनं इमान पडनं का वं?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. चार विमानांपैकी तीन रांगेत होती आणि एक चोपड्याच्या बाजूला हवेत. कुठल्या नंबरचं विमान सांगितलं, असं विचारलं तर विहिरीवरची मोटर चालू होती, अर्धं ऐकू आलं नाही, म्हणाले. मी नियंत्रण खोलीत धावले. हवेतल्या विमानाने पहिल्याच हाकेला उत्तर दिलं. त्या मुलीचा शांत आवाज ऐकून मी तिथेच खुर्चीवर बसले.

मग हातातला रेडिओ 121.5 वर लावला आणि तो घसरता सूर कानावर आदळला. इतका जोरात की तिन्ही विमानांजवळ सारखाच. अशा वेळी रेडिओची अँटेना काढून टाकायची, म्हणजे त्याला फक्त अगदी जवळचं ऐकू येतं. रेडिओ छातीशी धरून गोल फिरायचं. आपल्याच अंगाची आड येते आणि आवाज सर्वात मंद होतो तेव्हा बीकन आपल्या बरोब्बर पाठीमागे असतो. मी एक गिरकी घेतली, आवाज खाली बसला, वळून पाहिलं तर मधलं विमान. पॅनेलवरचं बटण मागे ओढून पुन्हा जागेवर आणलं आणि सूर थांबला. लगेच मुंबईला फोन करून सांगितलं की हाक खोटी आहे, विमान जमिनीवर आहे, माणसं सुखरूप. पलीकडचे गृहस्थ चिडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की नोंदणीत जो नंबर आहे तो माणूस तुमच्याकडे नाही का.

नव्हता. दोन वर्षांपासून नव्हता. नोंदणी अमळनेरच्या त्या भाऊंच्या नावाने केलेली, ते नोकरी सोडून गेले आणि नंबर बदलायचा कोणाच्या लक्षात राहिलं नाही. दोन वर्षं आमच्या विमानांची जीवनदोरी अमळनेर तालुक्यातल्या एका कापसाच्या शेतात खिशात होती. त्यांनी फोन उचलला नसता तर? विमान खरंच पडलं असतं तर? या गोष्टीला कंपनी जबाबदार नाही, डबा जबाबदार नाही. त्याने त्याचं काम चोख केलं होतं. पहिल्या काही मिनिटांत उपग्रहाने ऐकलं, बेंगळूरूने वाचलं, मुंबईने नंबर लावला. अडलं ते आमच्या कागदावर.

डबा पावणेदोन तास वाजत होता. बीकनच्या बॅटरीचा हिशेब असा की सगळा मिळून एक तासाहून जास्त वापर झाला, किंवा मुदत निम्मी सरली, की ती बदलायची. उरलेल्या दमावर भागवायचं नाही. म्हणजे नवी बॅटरी आली. ही लिथियमची असते, ती नेहमीच्या कुरिअरने येत नाही, धोकादायक माल म्हणून वेगळे कागद लागतात. एका पुरवठादाराकडे मागणी दिली. पाच आठवडे विमान जमिनीवर. खोकं उघडलं तर बॅटरीवरची तारीख सांगत होती की ती चौदा महिने आधीच तयार झालेली आहे. मुदत बनल्या दिवसापासून धावते, बसवल्या दिवसापासून नाही. म्हणजे पूर्ण पैसे भरून आमच्या हातात सव्वा वर्ष कमी आलं. तक्रार केली, बदलून मिळाली नाही. आता मी मागणीपत्रातच लिहिते: बनल्याची तारीख तीन महिन्यांहून जुनी असेल तर माल परत. तुम्हीही लिहा.

उष्णतेबद्दल. डबा पंचावन्न अंशांपर्यंत चालण्याची हमी आहे. मे महिन्यात दुपारी दोनला, उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाच्या शेपटीत मी तापमापक ठेवून पाहिला, बाहेर 44 असताना आत 61 दाखवत होता. हवेत गेल्यावर ते उतरतं, पण रोज सहा-सहा तास बॅटरी तिथे भाजत असते. आम्ही आता उन्हाळ्यात विमानं पत्र्याच्या सावलीत लावतो, आणि जागा नसेल तर शेपटीवर पांढरं कापड टाकतो. जळगाव, भुसावळच्या उन्हात जे कोणी विमान ठेवत असतील त्यांनी एवढं नक्की करावं.

बॅटरी बदलताना आणखी एक जपा. 12 जुलै 2013 ला लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उभ्या असलेल्या, आत कोणी नसलेल्या बोइंग 787 ला आग लागली होती. तपासात निघालं की बीकनच्या झाकणाखाली बॅटरीच्या वायरी चिमटल्या गेल्या होत्या. वाचवायला ठेवलेल्या डब्यातच आग, आणि कारण पुन्हा वायर. झाकण बसवण्याआधी वायरी आपल्या जागी वळवून ठेवायच्या, आरशाने खालून बघायचं आणि मग स्क्रू, तेही ठरलेल्या जोरानेच.

घ्यावा का, तर हो. अजूनही कोणी नुसत्या 121.5 च्या डब्यावर उडत असेल तर उद्या नाही, आज बदला. पण पैसे बाजूला काढताना डब्याबरोबर बैठकीचा धातूचा पट्टा, जीपीएसची वायर, चांगल्या प्रतीची केबल आणि कंपनीने सांगितलेलीच अँटेना धरा. जुनी अँटेना ठेवून पैसे वाचवायच्या फंदात पडू नका. विमान उलटं पडलं की पहिल्यांदा तीच मोडते. म्हणूनच मी आमच्या प्रशिक्षकांना खिशातला वैयक्तिक बीकन वेगळा घ्यायला लावला. तोही 406 चाच असतो, मुठीत मावतो, विमानातून बाहेर पडलेला माणूस त्याला मोकळ्या जागी धरू शकतो. 3 जून 2019 ला जोरहाटहून मेचुकाला निघालेलं हवाई दलाचं एएन-32 अरुणाचलच्या जंगलात पडलं, तेरा जण होते, आणि अवशेष दिसायला आठवा दिवस उजाडला. तेव्हा मी हा डबा विकत घ्यायच्या कागदांवर बसले होते. खर्चाचा आकडा बघून वरच्यांनी हात आखडता घेतला होता. त्या आठवडाभरानंतर कोणी काही विचारलं नाही, सही झाली.

नोंदणी आता दरवर्षी गुढीपाडव्याच्या आठवड्यात तपासली जाते. त्यात तीन नंबर आहेत. पहिला हँगरचा, जिथे चोवीस तास कोणी ना कोणी असतं. दुसरा माझा. तिसऱ्या जागेवरून अमळनेरच्या भाऊंचा नंबर काढायचा म्हणून मी त्यांना कळवायला फोन केला होता, इतकी वर्षं तुम्हाला उगाच त्रास झाला असंही म्हणाले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"ऱ्हाऊ दे वं ताई," मग म्हणाले, "मी उचलसू."

राहू दिला.